मग कंपनी काढली कशाला?

आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घराच्या दारावर जप्तीची नोटीस लागली तो दिवस चैत्रातला होता. आईनं गौरीपुढं आरास मांडली होती, आंब्याची डाळ वाटून ठेवली होती, संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या. दुपारी तीनच्या सुमाराला कोर्टाचा बेलिफ आला, त्यानं नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सही घेतली, दाराच्या फळीवर कागद चिकटवला आणि पाणी पिऊन गेला. दिवाणी प्रक्रिया संहितेत अशी जप्ती दवंडी पिटून जाहीर करायची पद्धत लिहून ठेवली आहे. आमच्याकडं दवंडी कुणी पिटली नाही, पण तासाभरात गल्लीला कळलं होतं. आईनं दार लावून घेतलं नाही. ज्या सातआठ बायका आल्या, त्यांची तिनं ओटी भरली, पन्हं दिलं. आलेली प्रत्येक जण त्या कागदाच्या शेजारून आत आली.

हे २०११ सालचं. रात्री वकील घरी आले होते. आम्ही विचारलं, आता काय काय नेणार? त्यांनी संहितेचं कलम ६० वाचून दाखवलं. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि धर्मरीतीप्रमाणं बाईनं उतरवायचे नाहीत असे दागिने जप्त करता येत नाहीत. ते वाचत असताना आईचा हात गळ्याशी गेला होता, तो वाचून होईपर्यंत तिथंच होता.

नानांनी १९८४ मध्ये शिरोली एमआयडीसीत फौंड्री, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना, टाकली, तेव्हा कपोला भट्टी होती. दिवसाआड हीट, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा घाणा, निघायची, तो ओतायची लॅडल घेऊन पोरं धावायची, आणि संध्याकाळी नानांच्या भुवया करपलेल्या असायच्या. जवळपास पंचवीस वर्षं धंदा सरळ चालला. २००८ च्या दिवाळीनंतर वाहनांच्या सुट्या भागांची मागणी एकदम बसली. ज्या गिऱ्हाइकाला आम्ही निम्मा माल द्यायचो, त्याचं शेड्यूल शून्यावर आलं आणि जुनं बिलही अडकलं. पिग आयर्न, म्हणजे ओतकामाचं कच्चं लोखंड, पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचे आमच्याकडं एकतीस लाख राहिले. त्यानं वर्षभर वाट बघितली, मग दावा लावला. नानांनी दाव्यात फारसा वाद घातलाच नाही. "त्याचा पैसा हाय, त्याला मिळायला पायजे," एवढंच म्हणायचे. हुकूमनामा झाला आणि तो थेट घरावर आला, कारण फौंड्री म्हणजे नाना आणि नाना म्हणजे फौंड्री. प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या, धंद्याला कायद्यात वेगळं अस्तित्व नसतं. बोर्डावर नाव काहीही असू दे, कर्ज माणसाचं असतं, आणि माणसाचं घरसुद्धा त्यातच मोजलं जातं.

लिलाव होण्याआधी कोर्टाची परवानगी काढून आम्ही घर स्वतः विकलं, व्यापाऱ्याचे सव्याज फेडले, बँकेचे फेडले आणि टेंबलाईवाडीला भाड्यानं राहायला गेलो. फौंड्री मात्र वाचली.

एवढं सगळं लिहिण्याचं कारण असं की गेल्या दोनतीन वर्षांत आमच्या भागातली तरुण मुलं मला विचारायला येतात: "दादा, प्रायव्हेट लिमिटेड केली की घर सेफ ना?" आणि त्यांतली काही जण पुढं विचारतात: "आणि दुबईला एखादी कंपनी टाकून ठेवली तर?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं मी स्वतः पैसे आणि झोप घालवून शिकलो आहे, तर ती एकदा नीट मांडून ठेवतो. मी वकील नाही, सीए नाही. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतणारा माणूस आहे.

आमच्या सीएंनी मला कंपनी म्हणजे काय ते एका चांभाराच्या गोष्टीवरून सांगितलं होतं. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात ॲरन सॅलोमन नावाचा बूट करणारा कारागीर होता. १८९२ मध्ये त्यानं आपला धंदा कंपनीला विकला. तेव्हाच्या इंग्लिश कायद्याप्रमाणं सात भागधारक लागायचे, म्हणून बायको, मुलगी आणि चार मुलगे यांना एकेक शेअर दिला आणि २०,००१ शेअर स्वतःकडं ठेवले. शिवाय कंपनीकडून येणं असलेल्या १०,००० पौंडांसाठी तिची मालमत्ता तारण घेतली. वर्षा-दीड वर्षात कंपनी बुडाली, ज्यांचं तिच्याकडं येणं होतं त्या देणेकऱ्यांना काही उरलं नाही, आणि सगळे म्हणाले की ही कंपनी म्हणजे सॅलोमनच, याच्याकडून वसूल करा. हाउस ऑफ लॉर्ड्सनं १८९६ मध्ये सांगितलं की नाही, कायद्याप्रमाणं नोंदलेली कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे, तिचं देणं तिचं. आपल्याकडच्या कंपनी कायद्याचा पायाही तोच आहे. कोल्हापुरात चपलांच्या गल्लीत वाढलेल्या मला ही गोष्ट लगेच समजली. त्याच वेळी त्या बुडालेल्या देणेकऱ्यांत कुणी चामडं पुरवणारा असेल, असंही मनात आलं. आमच्या पिगवाल्यासारखा.

ऑगस्ट २०१४ मध्ये आमची प्रायव्हेट लिमिटेड झाली. तेव्हा किमान एक लाख भागभांडवलाची अट होती, ती पुढच्याच वर्षी गेली. जुना धंदा कंपनीत नेताना भांडवली नफ्यावर कर पडू नये म्हणून आयकर कायद्यातल्या अटी पाळल्या: सगळी मालमत्ता आणि सगळी देणी कंपनीकडं, मोबदला फक्त शेअरच्या रूपात, आणि नानांकडं पाच वर्षं निदान पन्नास टक्के मताधिकार. एमआयडीसीचा प्लॉट पंच्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो, तो कंपनीच्या नावावर करायला त्यांची परवानगी आणि शुल्क लागलं, त्यातच आठ महिने गेले. एक गोष्ट सीएंनी आधीच बजावली होती. जुनं एकही देणं बाकी असताना यातलं काही करायचं नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे, त्याच्या कलम ५३ प्रमाणं देणेकऱ्याला टाळण्यासाठी किंवा ताटकळत ठेवण्यासाठी केलेलं हस्तांतर तो देणेकरी रद्द करून घेऊ शकतो. पुढं २०१६ मध्ये आलेल्या दिवाळखोरी संहितेत तर जवळच्या नातेवाइकाला किंवा आपल्याच दुसऱ्या कंपनीला मर्जीनं दिलेलं दोन वर्षं मागं जाऊन उकरता येतं. सीएंचं ऐकून, घर विकून सगळे फेडल्यावरच आम्ही कंपनीच्या कागदाला हात लावला.

नानांना मी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे आता घराला कोण हात लावत न्हाई न्हवं?" मी छाती पुढं काढून "नाही" म्हणालो होतो.

मग २०१५ मध्ये इंडक्शन फर्नेससाठी, म्हणजे विजेच्या भट्टीसाठी, एक कोटी चाळीस लाखांचं कर्ज घेतलं. बँकेत सह्या करायला गेलो तर कागदांचा गठ्ठा. त्यात संचालकांची वैयक्तिक हमी. मी पटापट सह्या करत होतो, शेजारी बायको बसली होती. ती ज्युनिअर कॉलेजात अकाउंटन्सी शिकवते. तिनं तो कागद ओढून घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि हळूच विचारलं, "अहो, कंपनीचं कर्ज बुडलं तर तुम्ही स्वतः भरणार असं लिहिलंय. मग कंपनी काढली कशाला?"

त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. करार कायदा १८७२ चा आहे, त्याचं कलम १२८ सांगतं की हमीदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. बँकेला आधी कंपनीच्या मागं लागण्याचीही सक्ती नाही. पुढं २०१९ मध्ये कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांनाही दिवाळखोरी संहिता लागू झाली, आणि मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ललितकुमार जैन खटल्यात ते कायम केलं. बुडालेल्या कंपनीच्या कर्जावरचा तोडगा, म्हणजे तिची सोडवणूक योजना, मंजूर झाली म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, हेही त्याच निकालात आहे. विजय मल्ल्यांच्या विमान कंपनीचं कर्ज त्यांच्या अंगावर आलं त्याचं कारण हेच. कंपनी मर्यादित होती, हमी अमर्याद होती. आपल्याकडं छोट्या उद्योजकांची घरं जातात, तेव्हा बहुतेक वेळा कुणी कंपनीचा पडदा फाडलेला, म्हणजे कोर्टानं कंपनी नजरेआड करून थेट मालकाला धरलेलं, नसतं. आपण हमीवर सही केलेली असते. दहापैकी आठ जणांना ती सही कधी केली हेसुद्धा आठवत नाही, असं मी माझ्याच मित्रांत बघितलं आहे.

त्या दिवशी बँकेला बायकोचीही हमी हवी होती. त्या एका गोष्टीवर मी अडून बसलो. ती कंपनीत संचालक नाही, भागधारक नाही, पगार घेत नाही. दुसरा संचालक माझा धाकटा भाऊ आहे. मॅनेजर म्हणाले, सगळेच देतात. मी म्हणालो, माझ्या आईनं एकदा घर सोडलं आहे. दोन आठवडे फाइल पडून राहिली, मग तिच्या सहीशिवाय कर्ज मंजूर झालं. आज आम्ही राहतो तो फ्लॅट तिनं २०१७ मध्ये तिच्या पगारावर कर्ज काढून घेतला. हप्ता तिच्या खात्यातून जातो, किराणा आणि लाइट बिल माझ्या. धंदा अडचणीत असताना मी पैसे देऊन तिच्या नावावर घर घेतलं असतं तर ते वाचलं नसतं, आणि वाचायलाही नको होतं.

कंपनी आणि आपण यांच्यामधल्या भिंतीची रोजची डागडुजी हा सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत महत्त्वाचा भाग. प्रोप्रायटरी धंद्यात वाढलेल्या माणसाला गल्ला आणि खिसा वेगळा असतो हे अंगवळणीच पडत नाही. २०१६ मध्ये मुलीच्या इंजिनिअरिंगची फी मी कंपनीच्या खात्यातून भरली. नंतर टाकू परत, असं मनात होतं. सीएंनी मार्चमध्ये हिशेब बघितला आणि मला ऑफिसात बोलावून घेतलं. मोजक्या लोकांच्या कंपनीनं मोठ्या भागधारकाला दिलेली अशी उचल लाभांश समजून त्याच्यावर कर लावतात, हे त्यांनी सांगितलंच. पण ज्यावर ते खरे चिडले होते ते वेगळं होतं. "उद्या कोर्टात तुम्ही म्हणणार की कंपनी वेगळी, मी वेगळा. समोरचा वकील हे स्टेटमेंट काढून दाखवेल आणि विचारेल, मग ही फी कुणाच्या पोरीची?" तेव्हापासून ठराव वेळेवर लिहिले जातात, सभा खरोखर होते, आणि गाडीत डिझेल घरचं असेल तर घरच्या पैशानं. मुंबई उच्च न्यायालयानं १९२७ मध्येच सर दिनशॉ पेटिट यांच्या चार खासगी कंपन्या नजरेआड केल्या होत्या. लाभांश कंपनीकडं यायचा आणि कर्ज म्हणून परत त्यांच्याकडं जायचा. कंपन्या म्हणजे त्यांचंच दुसरं नाव, असं न्यायालयानं म्हटलं. एवढा मोठा माणूस, एवढे वकील हाताशी, तरी चाललं नाही.

मशीन शॉप भावाच्या हाताखाली वेगळ्या एलएलपीत, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत, आहे. एकीकडं भट्टी, वितळलेलं बीड, अपघाताचा धोका. दुसरीकडं सीएनसी मशिनं. एक बुडालं तर दुसरं ओढलं जाऊ नये, एवढाच विचार. दोघांत बिलं बाजारभावानं होतात, नाहीतर वेगळेपणाला अर्थ नाही.

या सगळ्यात काही देणी अशी आहेत की त्यांच्यासमोर ही भिंत नाहीच. खासगी कंपनीचा आयकर किंवा जीएसटी वसूल झाला नाही तर संचालकाला स्वतःची चूक नव्हती हे सिद्ध करावं लागतं, नाहीतर त्याच्याकडून घेतात. चेक परत गेला तर त्या वेळी कारभार बघणारा संचालक फौजदारीत उभा राहतो. कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफ भरला नाही तरी तेच. मला यातलं काहीही अन्यायाचं वाटत नाही. फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या, धुळीत उभ्या असलेल्या माणसाच्या पगारातून कापलेला पैसा आपला नसतोच.

आता भिंतीची दुसरी बाजू. २०२० मध्ये पुण्याकडची एक कंपनी आमचे अडतीस लाख बुडवून बंद पडली. मी तिथं गेलो तर शेड भाड्याची, मशिनं मालकाच्या बायकोच्या फर्मकडून भाड्यानं घेतलेली, कंपनीच्या नावावर खुर्च्या-टेबलं आणि दोन जुने कॉम्प्युटर. मालक बंगल्यात राहत होता आणि माझ्याशी नीट बोलला, चहा दिला. दिवाळखोरी संहितेखाली जावं तर मार्च २०२० मध्ये सरकारनं किमान थकबाकीची मर्यादा एक लाखावरून एक कोटीवर नेली होती, माझे अडतीस लाख त्यात बसत नव्हते. सूक्ष्म-लघु उद्योगांची थकलेली बिलं बघणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडं गेलो, निकाल माझ्या बाजूनं लागला, बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजासकट. वसूल कुणाकडून करायचं? परतीच्या वाटेवर साताऱ्याला गाडी थांबवून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. आमच्या पिगवाल्याला २०१० मध्ये कसं वाटलं असेल ते मला त्या दिवशी कळलं. नाना त्याला चुकवू शकले असते का? त्यांच्याकडं कंपनी असती तर कदाचित कायद्यानं चुकवू शकले असते. पण त्यांनी तरी फेडलंच असतं, याची मला खात्री आहे. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे की धंद्यात प्रामाणिकपणे बुडालेल्या माणसाचं घर वाचावं यासाठी ही सोय आहे. आधीच ठरवून रिकामी ठेवलेली कंपनी म्हणजे दुसऱ्याचं घर घालवणं, आणि ते मी करणार नाही.

परदेशी कंपनीचं आमचं प्रकरण खरं तर माल विकायच्या गरजेतून सुरू झालं. अमेरिकेतल्या पंप आणि व्हॉल्व्ह करणाऱ्या एका गिऱ्हाइकाला तिथं स्टॉक हवा होता आणि बिल डॉलरमध्ये, तिथल्याच कंपनीचं हवं होतं. हे चाललं असताना २०१७ मध्ये मुंबईत एका हॉटेलात सेमिनारला गेलो. विषय होता संपत्तीचं संरक्षण. सूट घातलेल्या सल्लागारानं पडद्यावर बेटं दाखवली: ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स, नेव्हिस, कुक आयलंड्स. तिथं कंपनी, तिच्यावर ट्रस्ट, मग जगातली कुठलीच बँक हात लावू शकत नाही, असं तो सांगत होता. शेजारचे दोघे वहीत उतरवून घेत होते. कुक आयलंड्सचा कायदा १९८४ पासून आहे, परदेशी कोर्टाचे निकाल तिथं चालत नाहीत, हे तो सांगत होता ते खरंच आहे. पण १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या एका जोडप्यानं लोकांना फसवून जमवलेला पैसा अशाच ट्रस्टमध्ये ठेवला होता. न्यायाधीशानं सांगितलं, पैसे परत आणा. ते म्हणाले, ट्रस्टी देत नाहीत, आमच्या हातात काही नाही. न्यायाधीशानं न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोघांना सुमारे सहा महिने तुरुंगात ठेवलं, आणि १९९९ मध्ये वरच्या कोर्टानं ते योग्य ठरवलं. पैसा बेटावर होता, माणसं नेवाडात होती. मल्ल्यांनी डिआजिओ या दारू कंपनीकडून मिळालेले चार कोटी डॉलर कोर्टाचे आदेश असताना मुलांकडं वळवले, तेव्हा २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांची शिक्षा दिली आणि ती रक्कम आठ टक्के व्याजानं परत आणायला सांगितलं.

भारतात राहणाऱ्या माणसासाठी तर हिशेब आणखी सरळ आहे. परदेशात जे काही आहे ते विवरणपत्राच्या परिशिष्टात दाखवायचंच. दडवलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली तीस टक्के कर आणि कराच्या तिप्पट दंड, म्हणजे शंभराच्या मालमत्तेवर एकशे वीस. शिवाय तुरुंगवास. खात्यांची माहिती आता देशोदेशीच्या बँका आपापल्या सरकारमार्फत कळवतातच. म्हणून दुबईच्या कंपनीबद्दल विचारणाऱ्या मुलांना मी उलटा प्रश्न विचारतो: तिथं तुझं गिऱ्हाईक आहे का? असेल तर जरूर काढ. नसेल तर ती कंपनी तुझ्या घरासाठी काही करणार नाही. वर दरवर्षी कागद मागेल. आणि संयुक्त अरब अमिरातीच्या कोर्टाचे हुकूमनामे २०२० पासून इथं थेट बजावता येतात, हे सेमिनारमध्ये कुणी सांगत नाही.

आम्ही २०१८ मध्ये त्या गिऱ्हाइकासाठी अमेरिकेत डेलावेअर राज्यात कंपनी काढली. माझा मामेभाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो, त्याची भाड्यानं दिलेली दोन घरं आहेत आणि प्रत्येक घर वेगळ्या एलएलसीत, म्हणजे तिथल्या मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत, ठेवलेलं आहे. बर्फावरून घसरून एका भाडेकरूच्या पाहुण्याचा पाय मोडला, तेव्हा दावा त्या घराच्या एलएलसीवर आला आणि विमा कंपनीनं भागवला. दुसरं घर आणि त्याचा पगार बाजूला राहिले. त्याच्या मते मीही एलएलसीच काढावी. आमच्या सीएंनी तिथल्या अकाउंटंटशी बोलून साधी कॉर्पोरेशन काढायला लावली, कारण एकच मालक असलेली एलएलसी तिथल्या कराच्या दृष्टीनं पारदर्शक समजतात, म्हणजे तिच्याऐवजी मालकालाच धरतात, आणि आमची कोल्हापूरची कंपनी थेट अमेरिकेच्या करखात्यापुढं उभी राहिली असती. परदेशी मालकी कळवायचा फॉर्म ५४७२ चुकला तर दंड पंचवीस हजार डॉलर आहे. इकडं रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं बँकेमार्फत गुंतवणूक नोंदवायची, क्रमांक घ्यायचा, आणि दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत अहवाल द्यायचा. हे सगळं आमच्या कंपनीनं केलं, मी वैयक्तिक काही धरलेलं नाही.

२०२१ मध्ये त्या कंपनीची परीक्षा झाली. आमच्या कास्टिंगची एक पंप बॉडी तिथल्या कारखान्यात चिरली, पाणी मशिनांवर गेलं. दावा दोन लाख दहा हजार डॉलरचा. नोटिशीत अमेरिकेतली कंपनी होती आणि आमची कोल्हापूरचीही. माल आम्हीच ओतलेला, तर आमचं नाव येणारच. नुसती मध्ये एक कंपनी घातली म्हणून कारखानदार सुटत नाही. अमेरिकन कोर्टाला आमच्यावर अधिकार आहे का हा प्रश्नच वेगळा. न्यू जर्सीतल्या एका कामगाराची चार बोटं इंग्लंडमध्ये बनलेल्या भंगार कापायच्या मशीननं गेली होती, आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की त्या इंग्लिश कंपनीवर न्यू जर्सीत खटला चालणार नाही. शिवाय अमेरिकेचा हुकूमनामा भारतात थेट बजावता येत नाही, ब्रिटन किंवा सिंगापूरचा येतो; अमेरिकेवाल्याला इथं नवा दावा लावावा लागतो. हे सगळं मी रात्र रात्र जागून वाचत होतो. प्रत्यक्षात वाचवलं ते विम्यानं. सीएंनी आग्रह धरून अमेरिका-कॅनडासकट प्रॉडक्ट लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे मालातल्या दोषानं झालेल्या नुकसानीचा विमा, घ्यायला लावली होती, हप्ता भरताना माझ्या जिवावर यायचं. विमा कंपनीनं वकील दिला, आणि त्यानं आमच्याकडं पहिल्याच आठवड्यात काय मागितलं? दोन्ही कंपन्यांची बँक स्टेटमेंट, आपसातली बिलं, सुरुवातीपासूनचे ठराव. मी ते सगळे दोन तासांत पाठवू शकलो. तडजोड झाली, आमच्या वाट्याचे दहा हजार डॉलर गेले, आणि गिऱ्हाईक अजून आमच्याकडंच आहे. चिर का गेली तेही शोधलं. साच्याच्या आतल्या कोअरमधला गॅस नीट निघत नव्हता, तो जायच्या वाटा, म्हणजे व्हेंट, वाढवले.

घरासाठी आणखी एकच गोष्ट केली आहे. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली बायको आणि मुलीच्या नावानं मुदत विमा. घेतानाच वेगळा फॉर्म भरावा लागतो. मग ती रक्कम ट्रस्ट ठरते आणि माझ्या देणेकऱ्यांना, बँकेलासुद्धा, तिच्यावर हक्क सांगता येत नाही. अपवाद एवढाच की देणेकऱ्यांना फसवण्यासाठी घेतली असेल तर भरलेले हप्ते ते मागू शकतात. दीडशे वर्षांपूर्वीचा हा कायदा किती साधा आहे. मी भेटेल त्याला सांगतो.

हमी मात्र अजून तशीच आहे. फर्नेसचं कर्ज फिटलं, पण कॅश क्रेडिटची, म्हणजे रोजच्या धंद्यासाठीच्या उचलीची, मर्यादा दरवर्षी नवी होते आणि तोच कागद पुन्हा पुढं येतो. या मार्चमध्ये मी पहिल्यांदा लेखी मागणी केली: दहा वर्षांत एकही हप्ता चुकलेला नाही, तर माझी आणि भावाची हमी ठराविक रकमेपुरती करा. हवं तर सरकारच्या पतहमी योजनेत बसवा. तिच्यात बसवलेल्या रकमेसाठी तिसऱ्याची हमी किंवा घराचं तारण मागता येत नाही, संचालकांची हमी तेवढी घेता येते. पत्राचा मसुदा बायकोनं तपासला, दोन वाक्यं खोडली, एक घातलं. नानांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि विचारलं, "पिगवाल्याचं बिल दिलंस न्हवं या महिन्यात?" दिलं होतं.

पत्र झोनल ऑफिसला गेलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.